राजवैद्याचं तापणारं पदक

"तापलं! तापलं!" पदक मुठीत धरलेली म्हातारी ओरडली आणि हॉलमधल्या दोनशे माणसांनी हात जोडले.

स्वतःला राजवैद्य म्हणवणारा गलेलठ्ठ गृहस्थ पदक उंचावून गरजला, "विलायतेच्या राणीने खुद्द माझ्या पणजोबांच्या छातीवर लावलेली ही चांदी! मुठीत धरा. तापली की समजा, रोग ओढला. मग कसल्या गोळ्या अन् कसली इंजेक्शनं? टाका त्या टोपलीत!" राणी स्वतः आजारी पडायची तेव्हा ही चांदी कुठे होती, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

तिसऱ्या रांगेत पदकवाले मामा दातओठ खात बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी विलायती राजपदकं जमवली होती. शेजारी भाची, मांडीवर इन्सुलिनचा डबा. गेल्या वर्षी तिच्या आईने, मामांच्या धाकट्या बहिणीने, असाच डबा इथे टाकला होता. नऊ दिवसांत ती गेली. तरी भाची ऐकेना.

गेल्या रविवारी मामा एकटेच येऊन बघून गेले होते. राजवैद्य दरवेळी ओल्या बोटाने पदक खसाखसा घासत होता. जुनं पदक कोणी घासत नाही. कोरीवकाम झिजतं, किंमत मातीमोल होते. हा माणूस बिनदिक्कत घासतोय म्हणजे पदक खोटं! मामी शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. मामांनी घरी सांगायला घेतलं, तशी त्यांनी अर्ध्या वाक्यातच ही लबाडी ओळखली.

आज भाची टोपलीकडे निघाली तसे मामा आडवे आले.

"राजवैद्य, हे माझं पदक. त्याच राणीचं, अस्सल चांदीचं. तापवा बघू."

"प्रत्येक पदकात शक्ती नसते हो..."

"राणीच्या चांदीत असते, आत्ताच म्हणालात की!"

लोक हसले. नाइलाजाने त्याने घासलं. चांदीवर करडा डाग पडला. मामांच्या काळजात कळ उठली. पदक गार ते गारच.

"आता तुमचं घासा."

घासून होताच मामांनी ते त्याच्याच मुठीत कोंबलं आणि वरून दोन्ही हातांनी आवळलं.

"सोडा! भाजतंय!"

"ओढू दे की रोग! माझ्या बहिणीने पाच मिनिटं धरलं होतं."

तो गयावया करू लागला. मामांना मनापासून बरं वाटलं, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही. हाताला फोड आल्यावरच त्यांनी सोडलं.

रांगेत बसलेल्या मामी उठून पुढे आल्या. "हे अ‍ॅल्युमिनियम आहे. याच्या बोटाला पाऱ्याचा विषारी क्षार आहे. तो घासला की अ‍ॅल्युमिनियमवरचं संरक्षक आवरण जातं, हवेशी क्रिया होऊन ते तापतं. चांदीचं तसं होत नाही. यात राणी नाही, शक्ती नाही."

टोपलीवर झुंबड उडाली. जो तो आपली औषधं शोधू लागला.

भाची पुटपुटली, "पण मामा, आईच्या हातात खरंच तापलं होतं."

"तापलं होतंच गं. का तापलं, एवढंच आपण कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. यापुढे विचारायचं. देव सांगो, वैद्य सांगो, नाहीतर मी सांगो."

भाचीने डबा उघडला आणि सगळ्यांच्या देखत सुई टोचून घेतली.