मिटलेले ओठ

मनुका बोटाला चिकटली — कोटाच्या खिशात, रुमालाच्या घडीत — आणि ही इथे कशी, असा प्रश्न तिला पडेपर्यंत निधी समितीचे अध्यक्ष म्हणालेसुद्धा, "हं, बोला."

ती बोलू लागली. माकडांवर संशोधन करणाऱ्या या केंद्राची संचालक म्हणून हे भाषण तिनं आठवडाभर घोकलं होतं: म्हातारपणी माणूस का विसरतो, म्हातारी माकडं कशी विसरतात, त्याआधी रक्तात काय बदलतं... वाक्यं आपापली येत होती, आणि मन मात्र भलतीकडेच. सकाळी आईनं हा कोट बघून विचारलं होतं, "कोणाचं लग्न आहे गं?" मीटिंग आहे, आई. चहा संपायच्या आत पुन्हा, "लग्न कोणाचं म्हणालीस?" शेवटी तिनं म्हटलं, माझंच! — तर आई सगळे दात दाखवून हसली आणि म्हणाली, "मग उशीर नको करूस."

"बाई," अध्यक्षांनी तिला थांबवलं, "मघापासून बघतोय. तुम्ही आमच्याकडे बघत नाही, हसत नाही. काही लपवताय का?"

खरंच की, ती इतका वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून! इतकी वर्षं माकडांत काढल्यावर दुसरं काय होणार — त्यांच्या डोळ्यांत रोखून बघणं म्हणजे भांडण उकरून काढणं, दात दाखवणं म्हणजे धमकी नाहीतर भीती, तेव्हा नजर खाली आणि ओठ मिटलेले, हीच तिथली सभ्यता. "घरात तरी माणसासारखी हस, मी काही पिंजऱ्यात नाही," असं नवरा नेहमी चिडवायचा. आणि ज्या माणसानं हात आखडता घेतला की केंद्राला वर्षाअखेर कुलूप, माकडं चार ठिकाणी वाटलेली, आया एकीकडे आणि लेकी दुसरीकडे... त्याच माणसाशी ती मघापासून अस्सल माकडी अदबीनं वागत होती, आणि त्याला ती चोर वाटत होती.

तिनं हे सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. समितीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "चला, दाखवा," एवढंच म्हणाले.

काचेपलीकडे आत्याबाई बसली होती. केंद्रातली सर्वांत म्हातारी माकडीण. नाव नवऱ्याच्या आत्यांवरून ठेवलेलं, आणि त्यांच्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही हे नशीब. हिला रक्तासाठी धरावं-बांधावं लागत नाही, ती आपण होऊन झडपेतून हात पुढे करते — सुईच्या आधी एक मनुका, सुईनंतर एक, हा इथला शिरस्ता. समितीला नेमकं हेच दाखवायचं होतं. अध्यक्षांनी काचेला नाक लावलं, तिच्या डोळ्यांत डोळे घातले आणि चांगली बत्तीशी दाखवली. आत्याबाईनं पाठ फिरवली.

"ओठ मिटा! खाली बघा!" हे ती घरातल्या पोराला दटावावं तसं बोलून गेली आणि अध्यक्षांनी ते निमूटपणे ऐकलं. तरी पाठ ती पाठच. मग तिला एकदम आठवलं — सकाळी सुई टोचून झाली, तेवढ्यात फोन वाजला, समिती लवकर आली म्हणून, आणि दुसरी मनुका खिशातच... म्हातारी आहे, थकली असेल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. कुणाला कळणार होतं?

"तिचं बरोबर आहे," ती म्हणाली. "सकाळी मीच तिला फसवलं. रक्त घेतलं आणि मनुका द्यायची राहिली."

तिनं मास्क आणि हातमोजे चढवले, डब्यातली ताजी मनुका घेतली आणि झडपेशी धरली. आत्याबाई सवडीनं आली. मनुका घेतली, उलटसुलट करून पाहिली, खाल्ली. हात काही दिला नाही.

"आता काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"आज नाही. उद्या विचारू."

"उद्याही नाही म्हणाली तर?"

"मग परवा."

"आणि हे सगळं कशासाठी चाललंय, ते तिला ठाऊक आहे का?"

आईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, कोणाचं लग्न म्हणून विचारणारा. "नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. तिला फक्त मनुका ठाऊक आहे," ती म्हणाली, "म्हणून तर ती चुकवायची नाही." लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली कसलंसं हलकंही वाटत होतं.

फाटकापाशी अध्यक्ष गाडीत बसता बसता थांबले. ओठ मिटलेले. नजर खाली, तिच्या चपलांवर. "कळवू," ते म्हणाले, आणि गाडी गेली.

ती तिथंच उभी राहिली. नजर चुकवून 'कळवू' म्हणणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती, त्याचा अर्थ एकच. पण ओठ? ओठ तर अगदी शिकवल्यासारखे मिटले होते... नकार देऊन गेला की अदब पाळून? माणसासारखा बोलला की माकडासारखा? — आणि एवढं सगळं टांगणीला लागलेलं असताना तिला हसू फुटलं, आवरेना, रस्त्याकडे बघत, भर उन्हात, आईसारखं, सगळे दात दाखवून.