सगळे हसून झाल्यावर

केशव मास्तरांनी बटण दाबलं आणि खिडकीपलीकडचा कारकून पुन्हा एकदा छत्रीत अडकला.

*

जर्मनीत कुणी हसत नाही.

*

बेबीला पाच नंबरची चप्पल लागायची. मॅट्रिकला भूगोलात एकाहत्तर. 'श' लिहिताना ती शेपूट लांब ओढायची.

*

भावकूनं उजव्या अंगठ्याचं नख वाढवलंय. बावीस वर्षं तो निपाणीतल्या एका टॉकीजच्या दारात उभा आहे.

*

अमेरिकेत म्हातारीला छत्री परत मिळते.

*

वसुधाबाईंच्या पोथीत खुणेला एक पिवळं तिकीट आहे.

*

मास्तरांनी वहीत तीन रकाने आखले होते: मूळ, अमेरिकन, जर्मन. टीव्हीवरची एकच विनोदी मालिका, आधी इंग्लंडात झालेली, मग तीच दोन देशांनी आपापल्या माणसांना घेऊन पुन्हा केलेली. गोष्ट साधी होती. बस कंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत एक कारकून बसतो आणि कुणाचीही वस्तू कुणाला परत देत नाही. एक म्हातारी छत्री मागायला येते. छत्री समोर खुंटीला लटकते आहे. कारकून विचारतो, ही तुमचीच कशावरून?

कॅसेटी आणल्या होत्या उपेंद्रनं. उपेंद्र म्हणजे वसुधाबाईंच्या बहिणीचा मुलगा. बेळगावात उद्यमबागेत त्याचा कारखाना. मशीन बघायला जर्मनीला गेला, तसा येताना इंग्लंडात लीड्सला उतरून मास्तरांच्या जावयांना भेटून आला. जावयांनी टीव्हीवरून उतरवून ठेवलेली मूळ मालिका त्याच्याकडं दिली. जर्मन कॅसेट त्यानं तिथंच मिळवली आणि अमेरिकन एका मित्राकडून मागवली. तिकडची पद्धत वेगळी, त्यामुळं ती मात्र इथल्या व्हीसीआरवर रंग टाकून द्यायची आणि चित्र सारखं खालून वर पळत राहायचं. व्हीसीआरही त्याचाच, जुना. "काकांच्या डोळ्यांपुढं काहीतरी हलतं असू दे," म्हणून ठेवून गेला.

कारण मास्तर हलत नव्हते. लीड्सला बर्फावरून गाडी घसरून त्यांची मुलगी बेबी गेल्याची तार आली, त्याला तीन वर्षं झाली होती. कधीकाळी दुकानांच्या पाट्यांवरचं इंग्रजी थांबून दुरुस्त करणारा हा माणूस तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. विचारलं तर उत्तर द्यायचे. वाढलं तर जेवायचे. समोरच्या वखारीतून तंबाखूचा खकाणा उडून घरात आला तर शिंकायचे.

मूळ मालिकेची कॅसेट पहिल्यांदा लावली ती दुपार. चौदाव्या मिनिटाला कारकून तपासायला म्हणून छत्री उघडतो, छत्री खिडकीत अडकते आणि तो छत्रीत. स्टुडिओत बसलेले लोक हसले. हसून थांबले. मग एकटीच कुणी बाई हसली, उशिरा, आणि शेवटी श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला.

वसुधाबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"ही बेबी."

मास्तरांनी खुर्चीतून वळून पाहिलं.

"असे काय बघताय? सगळ्यांचं झाल्यावर हसायची ती. तिनं लिहिलं नव्हतं का, येत्या गुरुवारी ह्याच्या शूटिंगला प्रेक्षकांत बसायला चाललोय म्हणून? तिकीटसुद्धा आहे माझ्याकडं."

लिहिलं होतं. दोघांच्या नावावर आलेलं ते पत्र मास्तरांना तोंडपाठ होतं. हसणं तेवढं आठवत नव्हतं. त्यांनी चप्पल आठवली, भूगोल आठवला, 'श' आठवला. आवाजाच्या जागी काहीच नव्हतं. दात काढल्यावर जीभ जिथं जाते तशी ती जागा.

हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. म्हणाले, "परत लाव बघू." दुसऱ्या दिवशी उठून, चप्पल घालून, ते स्वतः कोपऱ्यावर जाऊन वही घेऊन आले.

त्याला चार महिने झाले. वही अर्धी भरली. 'मूळ: छत्री मिळत नाही. अमेरिकन: मिळते, शिवाय कारकून म्हातारीला घरापर्यंत पोचवतो. जर्मन: तीन अर्ज भरून घेतात. मागे हसणारे लोक नाहीत.' चौदाव्या मिनिटासाठी वेगळं पान होतं. अमेरिकनखाली लिहिलं होतं, 'पुष्कळ हसतात, सारखे हसतात.' जर्मनखाली, 'छत्रीच्या काड्यांचा आवाज ऐकू येतो.' मूळखाली पेन्सिलीनं नुसतं प्रश्नचिन्ह. कॅसेट त्या जागी झिजली होती. कारकुनाच्या कपाळावरून एक पांढरी रेघ जायची. मास्तर स्वतः एकदाही हसले नव्हते.

*

भावकू आला तो सकाळी अकराला. मॅटिनी तीनची होती. एकेकाळचा मास्तरांचा विद्यार्थी, आता दोन घरं पलीकडं राहणारा आणि टॉकीजवर तिकिटं फाडणारा.

"लावा मास्तर. बगू तरी सायबाची कॉमेडी."

तिन्ही बघून झाल्या. भावकू मांडी बदलत म्हणाला,

"मला इचाराल तर अमेरिकावाली. पळतीया म्हणून काय झालं?"

"मूळ ते मूळ," मास्तर म्हणाले.

"आसं न्हाय मास्तर. आमच्या लायनीत रिमेकच चालतोय. मद्रासला पडल्यालं पिक्चर हिंदीत पंचवीस आठवडं ओढतंय. पर ह्या जर्मनवाल्यांस्नी काय झालंय? घरात मयत झाल्यागत समदी गप—"

त्यानं जीभ चावली. वसुधाबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

"त्यांच्यात हसणारे बोलवत नसतील," त्या म्हणाल्या.

"आपल्यात काढायची तर लई अवघड बगा, आक्का," भावकू घाईनं बोलू लागला. "छत्री इसरायची म्हाराष्ट्राच्या गाडीत, कचेरी कर्नाटकात. म्हातारीनं मराठीत मागितली तर म्हणत्यात कानडीत अर्ज लिव्हा. कानडीत लिव्हला तर..."

"तर मोर्चा," वसुधाबाई म्हणाल्या. मग त्यांनी देव्हाऱ्याजवळची पोथी उघडली, त्यातलं पिवळं तिकीट काढलं आणि भावकूच्या हातात दिलं. "हे बघ. तिथं बसली होती आमची बेबी. ते शेवटचं हसू तिचं." आणि चहा टाकायला आत गेल्या.

भावकूनं तिकीट घेतलं ते दोन बोटांत, दारावर घेतो तसं. मधोमध बारीक भोकांची ओळ होती. दोन्हीकडं एकच नंबर. अंगठ्याचं नख आपोआप ओळीवर गेलं आणि तिथंच थांबलं. त्यानं तिकीट पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"मास्तर."

"हं."

"हे अख्खं हाय."

मास्तर टीव्हीकडं बघत होते. अमेरिकन म्हातारी छत्री घेऊन खालून वर पळत होती.

"तिकडं फाडत नसतील," ते म्हणाले.

"मग भोकं कशापायी पाडल्यात?"

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मास्तरांनी वही मिटली, उघडली. पानावर हात फिरवला, जणू तिथं धूळ होती.

"आक्कांस्नी ठावं हाय व्हय हे?" भावकूनं आवाज उतरवून विचारलं.

"तिला काय कळणार? टॉकीजला जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हाही तिकिटं माझ्याच हातात असायची."

भावकू उठून उभा राहिला. हे काम त्यानं आयुष्यात बसून केलेलं नव्हतं. तिकीट ओळीवर दुमडलं, नख टेकवलं आणि एका झटक्यात फाडलं. अर्धं मास्तरांच्या हातात दिलं, अर्धं आपल्या खिशात टाकलं.

"चला, सरका म्होरं," सवयीनं तोंडातून गेलं, आणि तो खाली बसला.

वसुधाबाई चहा घेऊन आल्या. वहीवर अर्धं तिकीट पडलं होतं. त्यांनी कपबशा खाली ठेवल्या, तिकीट उचललं आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा, सावकाश. मग भावकूच्या खिशाकडं बघितलं. भावकू बशीतला चहा फुंकत होता, चहा गरम असल्यापेक्षा जास्त.

"साखर बघ रं पुरली का," त्या म्हणाल्या. तिकीट पोथीत ठेवलं, पान न बघता. "अहो, परत लावा की. आपली."

मास्तरांनी कॅसेट बदलली. कारकुनानं छत्री उघडली. कपाळावरून रेघ गेली. लोक हसले, हसून थांबले. मग ती एकटी बाई हसली.

वसुधाबाई टीव्हीकडं बघत नव्हत्या. त्या मास्तरांकडं बघत होत्या.

"हीच," मास्तर म्हणाले. "सगळ्यांचं झाल्यावर हसायची."

त्यांनी रबर शोधलं, प्रश्नचिन्ह खोडलं, रबराचा भुगा फुंकला. मग खिशातलं पेन काढून मूळच्या रकान्यात शाईनं लिहिलं: बेबी.

*

तिकीट ज्या पाकिटातून आलं ते एकट्या वसुधाबाईंच्या नावावर होतं, आणि आतल्या चिठ्ठीत, सव्वीस ऑक्टोबर एकोणीसशे ऐंशी अशी तारीख घालून, लिहिलं होतं: आई, ताप आल्यामुळं गुरुवारी जाता आलं नाही, तिकीट वाया गेलं, तुझ्या पोथीत खुणेला ठेव.