वहिनींचा प्रश्न

वाचनकक्षातली टेबलं भिंतीला सरकवून साठ खुर्च्या मांडल्या होत्या. त्या सगळ्या भरल्या म्हणून ग्रंथपालबाई हरखून गेल्या होत्या. रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या त्या वर्षभर मागे लागल्या होत्या. लेखकही रंगात आला होता. खून आधी सुचतो की खुनी, वाचकाला कुठे गंडवायचं, असं तो तासभर बोलला. लोक खूश होते.

मग प्रश्न सुरू झाले. दुसऱ्या रांगेतली चाळिशीची एक बाई उठली. शेजारच्या माणसाने माईक घेऊन तिच्या हातात दिला.

"समजा, तुमच्या गोष्टीत एक माणूस सकाळी घरातून नाहीसा झाला," ती म्हणाली. "बूट नाहीत, पाकीट नाही, पण चष्मा टेबलावरच. चष्म्याशिवाय त्याला समोरची पायरी दिसत नाही. घरात तेव्हा फक्त धाकटा भाऊ. तो म्हणतो, दादा फिरायला गेला. तर तुम्ही पुढे काय लिहाल?"

लेखकाला असे प्रश्न फार आवडत. "सोपं आहे," तो म्हणाला. "असा माणूस चष्मा विसरून फिरायला जात नाही. म्हणजे तो गेलाच नाही! बूट-पाकीट कुणीतरी हलवलं, चष्मा तेवढा राहून गेला. आणि 'तो गेला' असं सांगणारा माणूस एकच आहे. माझा इन्स्पेक्टर त्या भावाला काही सोडायचा नाही."

हशा पिकला. बाई हसली नाही.

"तो माझा नवरा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील." मग तिने शेजारच्या माणसाकडे वळून पाहिलं. "आणि हे माझे दीर."

"वहिनी, अहो..." एवढंच त्या माणसाच्या तोंडून निघालं.

लेखक घाईघाईने म्हणाला, "थांबा, बाई. मी गोष्टीतलं बोललो. गोष्टीत चष्मा मीच ठेवतो, म्हणून त्याला अर्थ असतो. खरा माणूस विसरूही शकतो. मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही."

"आत्ता एका मिनिटात कळलं होतं की," ती शांतपणे म्हणाली आणि माईक खुर्चीवर ठेवून निघाली.

लेखक तिच्यामागे जिन्यापर्यंत धावला. "माझं ऐका तरी."

"भाऊजी समोर होते म्हणून तुम्ही शब्द फिरवलात. मी समजू शकते," ती म्हणाली. वर तिने त्याचे आभार मानले.

तो परत आला तेव्हा दीर दाराशीच उभा होता. "तीन वर्षं मी हॉस्पिटलं, शवागारं पालथी घातली. पोरांना शाळेत मीच सोडतो. घटकाभर मन रमेल म्हणून वहिनींना इथे मीच घेऊन आलो. आता घरी कोणत्या तोंडाने जाऊ?"

 ऐकता ऐकता आपण या माणसाचे हात निरखतोय, ते थरथरतात का बघतोय, हे लेखकाच्या ध्यानात आलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

त्याने बाईला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. शेवटी तो पोलीस ठाण्यात गेला. अधिकारी म्हणाले, "त्या बाई तुमच्या भाषणाचं रेकॉर्डिंग देऊन गेल्या. त्याला पुरावा कोण म्हणणार? पण तक्रार आली की आम्हाला चौकशी करावीच लागते. बाकी तुम्ही लिहिता मात्र झकास हं."

चार महिन्यांनी ग्रंथपालबाईंचा फोन आला. चौकशीत काहीच निघालं नव्हतं. नवऱ्याचाही पत्ता नव्हता. दीर वेगळी खोली घेऊन राहत होता, आणि मुलांना काकाशी बोलायची बंदी होती.

"तुम्ही एकदा येऊन त्या वहिनींशी बोलता का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"येतो. पण काय बोलू?"