हे कुणाला हवंय?

माझा नवरा एक एडिटर सांभाळतो. वर्तमानपत्राचा नव्हे, बरं का! प्रोग्रामर लोक कॉम्प्युटरवर ज्यात कोड लिहितात, तो. फुकट आहे आणि सगळ्यांना खुला आहे. कुणीही त्याच्या आत डोकवावं, दुरुस्ती करावी, पाठवावी. ती घ्यायची की नाही, हे मात्र आमचे हे ठरवणार. घरात साधा पडद्याचा रंग ठरवता येत नाही, पण तिकडे कुठकुठले लोक याच्या होकाराकडे डोळे लावून बसतात.

त्याचा नियम एकच. प्रत्येक दुरुस्तीला तो विचारतो, ‘हे कुणाला हवंय?’ मग कुणीतरी जिवंत माणसानं पुढे येऊन म्हणायचं, ‘मला हवंय.’ ‘लागेल कुणाला तरी’ म्हणणाऱ्यांना तो वाटेला लावतो.

आणि मग त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही. एक कळ दाबली की अक्षर दोनदा, तीनदा उमटायचं. आमची टेबलं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. मीही कोडच लिहिते, एका कंपनीसाठी. चार अक्षरं टाइप, मग खोडाखोड, पुन्हा चार अक्षरं, हे मला दिवसभर ऐकू यायचं आणि आतडं तुटायचं. बोलायची सोय नव्हती. कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यानं मला शपथ घातली होती.

एका सकाळी चहा पिताना म्हणाला, “रविवारी जाहीर करतो. एडिटर दुसरं कुणीतरी सांभाळेल. कंटाळा आला.”

“कंटाळा? हे जगाला सांग, मला नको शिकवूस.”

त्यानं कप दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला. त्या एडिटरवाचून हा माणूस सुकून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग मीच बसले कोड लिहायला. तीच कळ लगोलग पुन्हा दाबली गेली, तर एडिटरनं त्या दुसऱ्या दाबण्याकडे काणाडोळा करायचा, एवढंच. पहिल्या खेपेला माझी चांगलीच फजिती झाली. कोडमध्ये दोन बरोबर-चिन्हं (==) मुद्दाम लागोपाठ लिहावी लागतात, त्यातलं एक माझ्या शहाण्या कोडनं गिळलं. मग ‘लगोलग’ म्हणजे किती वेळात, हे ज्याचं त्यानं ठरवावं अशी सोय केली आणि दुरुस्ती पाठवली. कुणाला हवंय? मी लिहिलं, ‘काही लोकांना.’

मागे खुर्ची करकरली. माझ्या पडद्यावर उत्तर आलं, ‘कोण लोक? नियम सगळ्यांना सारखा.’ आणि दुरुस्ती बंद!

मी ताडकन उठले. “माणूस आहेस की दगड?”

“मग लिही ना कोण ते,” तो वळलासुद्धा नाही.

“मी लिहू? शपथ कुणी घातली? तुझं दुखणं मी चव्हाट्यावर मांडणार नाही. मरू दे तो एडिटर!”

स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी आपटली. रडलेही. आतून टाइप केल्याचा आवाज येत होता. थांबायचा, खोडाखोड व्हायची, पुन्हा सुरू व्हायचा. धावत जावं आणि त्याच्यासाठी आपणच लिहून द्यावं, असं फार वाटलं. पण पाय आवरले. आवाज थांबला तेव्हा फोनवर दुरुस्तीचं पान उघडून पाहिलं.

‘मला हवंय. माझे हात थरथरतात. लाज वाटत होती, म्हणून आजवर बोललो नाही.’ त्यानं दुरुस्ती पुन्हा उघडली होती.

मी वाचत असतानाच खाली कुणा अनोळखी माणसाची ओळ आली. ‘मलाही हवंय. याचपायी मी कोड लिहिणं सोडलं होतं.’

मी आत गेले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले. ते थरथरतच होते. त्याचे डोळे भरून आले होते.

“रविवारी काय जाहीर करणार आहेस?” मी विचारलं.

“रविवारी वेळ कुठाय? तुझा कोड तपासायचाय. एकही चाचणी लिहिलेली नाहीस त्यात.”

“मेल्या,” मी म्हटलं आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.