लसीचं चूलबंद आवतण

गोमाजी आवतणाशिवाय कुठे जात नाही, हे पार अड्याळच्या बाजारापर्यंत ठाऊक होतं. स्वतःच्या पोराच्या, मोनूच्या लग्नात नवरदेवाच्या बापाला आवतण द्यायचं कुणाला सुचलं नाही, तर हा ओसरीवर बसून राहिला. वरात लाखनीच्या रस्त्यावरून माघारी फिरली, मोनूनं घोड्यावरून वाकून बापाच्या हातावर अक्षता ठेवल्या, तेव्हा कुठे यानं चपला घातल्या.

असल्या माणसाशी कौशल्याबाईनं संसार केला, हसतही केला. पण मागच्या हिवाळ्यात त्याला फ्लू झाला, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नाकाला नळी लागली, नि तिचं हसू आटलं. तेव्हापासून ती त्याच्या श्वासाला कान लावून झोपायची. नवऱ्याच्या घोरण्यानं जीव थंड होणारी बायको गावात ती एकटीच असेल.

म्हणून गुरुवारी अंगणवाडीत म्हाताऱ्यांना फ्लूची लस मिळणार, असं भोंग्यावर ऐकून ती हरखली.

"मी नाही येत," गोमाजी प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणाला.

"काहून?"

"आवतन नाही."

"अवो, भोंग्यावर सांगतलं ना साऱ्या गावाले!"

"भोंगा तं हरवलेल्या बकरीसाठी बी वाजते. मी काय बकरी आहो?"

कौशल्याबाई थेट उपकेंद्रात गेली. तिथली दामिनी सिस्टर आधी हसली. मग म्हातारीचा चेहरा पाहून थांबली.

"मावशी, अक्षता कुठून आणू?"

"तांदूळ माहे, हळद माही. तुम्ही फक्त हात आना."

संध्याकाळी दामिनीनं ओसरीवर येऊन गोमाजीच्या तळहातावर पिवळे दाणे ठेवले. "बाबाजी, गुरुवारी लसीले यावं."

"चूलबंद?"

चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, घरच्या सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. दामिनीनं कौशल्याबाईकडे पाहिलं. कौशल्याबाईनं डोळे मिटून मान डोलावली.

"हो बाबाजी. चूलबंद."

समोरच्या दुकानातून भैय्याजी हे सगळं पाहत होता. सकाळपर्यंत गाव रुसलं. "गोमाजीले अक्षता, नि आमाले भोंगा?" जे आपण होऊन लसीला निघणार होते, तेही खाटेवर आडवे झाले. मग कौशल्याबाईच अक्षतांची परात घेऊन घरोघरी फिरली. ज्याला ताप होता त्याला म्हणाली, "तुमी बरे झाल्यावर या." तो जास्तच रुसला. म्हणाला, तापाच्या माणसाला मान नसतो काय!

गुरुवारी अंगणवाडीपुढे मांडव उभा राहिला. जेवू घालायचंच आहे तर अंगी लागेल असं घालू, म्हणून दामिनीनं वरण-भात, पालेभाजी नि उकडलेली अंडी सांगितली. आहेर मात्र तिनं स्वतः मागितला. "खर्र्याच्या पुड्या द्या. एका पन्नीत सारं गाव बोटं घालते, नि मंग म्हनते सर्दी कुठून आली!" पुड्यांचा ढीग झाला. आपली पुडी ठेवताना भैय्याजी जेवढा रडला, तेवढा पोरीच्या पाठवणीलाही रडला नव्हता.

गोमाजी फेटा बांधून आला नि दारातच अडला. "पाहुण्याचे पाय धुवा लागते."

"पाय नाही, हात," दामिनीनं साबण पुढे केला.

"कितीक वेळ धुवू?"

"मंगलाष्टक होईस्तोवर."

भैय्याजीनं डोळे पुसत मंगलाष्टक धरलं. सगळे म्हातारे हात चोळत उभे राहिले नि 'सावधान' होताच सगळ्यांचे हात नळाखाली गेले.

गोमाजी खुर्चीवर बसला. बाही वर सारली. सुई दिसली तसा ताडकन उठला.

"आवतन चूलबंद होतं," तो म्हणाला. "माह्या घरचे कुठं आहेत?"

"मोनू नि सून पुन्याले. राह्यली मी. मी हावो ना इथं दारात."

"दारात काहून? तुले शुगर हाये. आत ये, लस घे."

"मले कोनं आवतन देल्लं?"

परात तिच्याच हातात होती. तोंडून निघेपर्यंत तिलाही माहीत नव्हतं, की आपण रुसलो आहोत. लग्न झाल्यापासून अक्षता पडायच्या गोमाजीच्या हातावर, नि ती मागून चपला शोधायची.

गोमाजीनं सुईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, नि दाराकडे निघाला. गेला आता हा घरी, तिनं मनाशी म्हटलं. हिवाळ्यातली ती नळी तिच्या डोळ्यांपुढे आली.

तो परातीपाशी थांबला. चिमूटभर दाणे उचलले. आजवर त्यानं आवतणं घेतलीच होती, दिलं एकही नव्हतं, त्यामुळे त्याला बोलताच येईना.

"कौशल्याबाई," तो म्हणाला. त्याच्या तोंडून तिचं नाव गावानं पहिल्यांदा ऐकलं. त्यानं दाणे तिच्या तळहातावर ठेवले. "लसीले यावं. चूलबंद."

"पायतो," ती म्हणाली. "इचार करतो."

"कर बाई, सावकास कर," पंगतीतून शेजारची मंदाबाई ओरडली. "वरन थंड होऊन राह्यलं!"

मग ती त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसली. दामिनीनं आधी तिला टोचलं, मग त्याला. त्यानं डोळे गच्च मिटून बायकोचा हात धरला होता. दोघांच्या तळव्यांत ते पिवळे दाणे चिकटले.

"आता जेवायच्या आधी दोघं परत हात धुवा," दामिनी म्हणाली.

भैय्याजीनं घसा खाकरला नि मंगलाष्टक पहिल्यापासून धरलं.