होडीची खळ

मल्हारची होडी मुळात काळी होती. बांधून होताच त्याने तिला पांढरा रंग दिला, कारण काळं अंग उन्हात तापतं आणि कार्बनच्या धाग्यांना धरून ठेवणारं रेझीन फार तापलं की मऊ पडू लागतं. त्यामुळे तिचा खरा रंग गावात फारसा कुणी पाहिला नव्हता.

मल्हार माझा धाकटा भाऊ. भोसरीत कार्बनच्या कापडापासून यंत्रांचे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात तो कामाला होता. उरलेले तुकडे मालकाला विचारून घरी आणायचा. आमचं घर इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. अंगणातच त्याने ती शिडाची होडी घडवली. ते कापड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या वडिलांनी, आबांनी, त्यावरून तळवा फिरवला. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वीण कशी पाहायची ते आबांना सांगावं लागत नाही.

"घोंगडीच की रं ही," आबा म्हणाले.

"घोंगडीच, आबा. नुसती खळ येगळी," मल्हार हसून म्हणाला.

घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात, मग ती ताठ होते. मल्हारने रेझीन ब्रशने कापडात मुरवलं, ते सुकून दगडासारखं झालं, आणि आबांना सगळं समजलं. वडिलांना आपलं काम कळलं याचा त्याला फार आनंद झाला होता.

पण आबा त्या होडीत बसले नाहीत. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचं जुनं गायरान बुडालं. "ज्या पाण्यानं माझं रान गिळलं, त्यावर मी मजेनं फिरू व्हय?" असं म्हणून ते काठावरून परत फिरले. मल्हार दर सुट्टीला विचारायचा आणि तेही दर वेळी तेच उत्तर द्यायचे.

चौऱ्याण्णव साली भिगवणजवळ एका ट्रकने मल्हारच्या मोटारसायकलला धडक दिली आणि मल्हार गेला.

पुढे खंडेनवमीला आबा नांगर, कुऱ्हाड, कोयत्याबरोबर होडीचीही पूजा करू लागले. पूजेआधी ते तिला ऑइलपेंटचा हात द्यायचे, भंडाऱ्यासारखा पिवळा. दर वर्षी एक थर चढत गेला. सत्याण्णव सालच्या दिवाळीत ते मला एकदम म्हणाले, "सुकन्या, मला एकदा बसायचंय तीत. गायरानावरनं जाऊन यायचंय."

मी वालचंदनगरला सर्जेरावांकडे गेले. ते मल्हारचे मित्र, त्याच्याबरोबर शीड सांभाळणारे. त्यांनी आमच्याकडे येऊन होडी पाहिली आणि मान हलवली. "आधी रंग उतरवा ताई. खाली चीर असंल तर मधी पाण्यात गेल्यावर कळंल. न्हायतर आबांना मी नेणार न्हाय." डोलकाठी आणि शीड घेऊन एका रविवारी यायचं त्यांनी कबूल केलं.

मी बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शनिवारी-रविवारी गावी येऊन होडी घासू लागले. पाणीपेपर, बादली, तोंडाला ओलं फडकं. कोरडं घासायचं नाही, कारण ती धूळ छातीत जाते. जाळ लावायचा नाही, तासणी लावायची नाही. पिवळ्याखाली पांढरा येतो, पांढऱ्याखाली राखाडी अस्तर. राखाडी लागलं की थांबायचं, काळ्या धाग्याला हात लावायचा नाही. दिवसभरात परातीएवढी जागा मोकळी व्हायची.

"भांडी घासायचा कंटाळा म्हनून शिकायला गेलीस," आबा कट्ट्यावरून म्हणायचे, "आन आता हे घासत बसलीस!"

"हे भांडं मोठं आहे, आबा."

"गॅरेजवाल्या सिद्धूकडं टँकर एका दिवसात सोलून निघतोय. रंग उतरवायचं औषध हाय त्याच्याकडं."

"ते लोखंडाला चालतं, आबा. हिला नाही."

तेवढंच मी बोलले, कारण आबांनी पुढे काही विचारलं नाही. ते माझ्या बोटांकडे पाहत होते. पाण्याने आणि पेपरने टोकांची कातडी गेली होती.

सर्जेराव यायचे त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी अंगणात शिरले आणि वासानेच थबकले. गोडसर, डोक्यात जाणारा वास. डायक्लोरोमिथेन, सिद्धूकडचं ते रंग उतरवायचं औषध. होडी पालथी होती, तळावर ओली पोती अंथरलेली, आणि आबा शेजारी बसून आनंदात होते.

"ये, ये. बघ, तुझी बोटं वाचवली! सकाळपास्नं भिजत घातलीय."

मी पोतं उचललं. पिवळा, पांढरा, राखाडी, सगळं सायीसारखं सुटून पोत्याला आलं. खाली काळी वीण उघडी पडली, इतकी सुंदर की क्षणभर मीही पाहतच राहिले. मग अंगठ्याने दाबलं. तळ दबला. कडेला धाग्यांचे पापुद्रे सुटले होते.

मी बादल्या भरभरून पाणी ओतू लागले. आबा उठून उभे राहिले.

"काय झालं?"

"आबा, तिची खळ गेली."

"मग?" ते खरोखर गोंधळले होते. "जुनी घोंगडी भिजवली की खळ जातीच. सूत कुठं जातंय? वाळवू, परत दिऊ. मल्हारनं सांगितलं हुतं, नुसती खळ येगळी."

"ही खळ एकदाच देता येते, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग होडीकडे. नंतर बादली उचलली आणि माझ्याबरोबर पाणी ओतू लागले. अंगणात चिखल झाला तरी आम्ही थांबलो नाही.

रविवारी सर्जेराव टेम्पोत डोलकाठी घालून आले. त्यांनी तळ चाचपला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज वारं न्हाय, आबा. पुढं कवातरी बघू."

"सर्जेराव, झाडाचा शेंडा हालतोय. मला खरं सांगा."

सर्जेरावांनी टोपी काढून हातात घेतली. "न्हाय झेपणार तिला, आबा. मासेमारीवाल्याची होडी सांगू का? आत्ता घेऊन येतो."

"दुसऱ्याच्या होडीत बसायचं असतं तर कवाच बसलो असतो."

आबा पाण्याकडे चालू लागले. मी मागे गेले. काठावर त्यांनी पायताणं काढली, धोतर वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. त्यांना त्या पाण्यात उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"त्या बाभळी दिसत्यात?" त्यांनी हात लांब केला. "त्यांच्या उजव्या अंगाला, जरा आत. तितं एक चढ हुता. चढावर मेंढरं बसायची."

मला फक्त पाणी दिसत होतं. मी "हो" म्हणाले.

"मल्हारनं लई इचारलं. कुठं हुतं आबा, नेमकं दावा, तितंच नेतो. एकदाबी सांगितलं न्हाय मी त्याला."

सर्जेराव वर अंगणातच थांबले होते. आबांचा हात तसाच बाभळींकडे होता. वाऱ्याने लाटा येऊ लागल्या होत्या. मी त्यांची पायताणं उचलली आणि वर, कोरड्या जागी नेऊन ठेवली.