वचकासाठी एक क्रियापद

मित्रांनो, माझे वरचे पान फाटले आहे, म्हणून ओळख मीच करून देतो. मी एक जुना स्पॅनिश शब्दकोश. माझी छपाई दिल्लीत झाली. कागलच्या एका कारखान्यातल्या इंजिनिअरने मला विकत घेतले आणि बदली होताच रद्दीत घातले. तिथून मला शिफाने उचलले.

शिफा शिवाजी पेठेत राहायची. तिची आई कुलसुम घरी शिवणकाम करायची. शिफाला मात्र दुभाषी व्हायचे होते. मराठीत आपण भीती घालतो, धीर देतो, गोडी लावतो. सगळीकडे एकच क्रियापद चालत नाही. स्पॅनिशचेही तसेच आहे, हे तिला माझ्यात सापडले. मनात भावना भरायची तर 'इन्फुन्दिर'. माणसाकडे बघूनच ती वाटत असेल तर 'इन्स्पिरार'. शिस्त पुन्हा पुन्हा सांगून रुजवायची तर 'इन्कुल्कार'. तिन्हींखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली. इतक्या प्रेमाने मला कोणीच वाचले नव्हते.

तिची मैत्रीण प्रेरणा फुटबॉल संघाची गोलकीपर होती. स्पेनमधल्या एका क्लबात तीन महिने शिकायची संधी तिला मिळणार होती. त्यासाठी प्रशिक्षकांचे पत्र स्पॅनिशमध्ये हवे होते. तिचे प्रशिक्षक विजयसिंह सर तिला घेऊन शिफाकडे आले.

"लिही," सर म्हणाले, "प्रेरणाचा संघात वचक हाय."

शिफाने मला उघडले. "सर, तिच्याकडं बघून पोरींना आदर वाटतोय, असं लिहिते. इन्स्पिरार."

सरांनी फोनवर तपासले. "ह्यो तर 'इन्फुन्दिर मिएदो' म्हणतोय की."

"त्याचा अर्थ, ती पोरींच्या मनात भीती घालती, असा हुतोय सर. ह्यात बघा."

"फोनपेक्षा ह्ये रद्दीतलं पुस्तक शाणं व्हय?"

शिफाने प्रेरणाकडे पाहिले. प्रेरणा माझे उघडे पान वाचत होती. तिला सगळे कळले होते. पण संघ सर निवडायचे. ती गप्प राहिली. शेवटी शिफाने लिहिलेल्या पत्रात सरांनी स्वतःच फोनमधले वाक्य घातले आणि ते पाठवले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. सोबतच्या मुलींना घाबरवणारी खेळाडू आम्हाला नको, असे क्लबने कळवले होते.

"शिफानं पत्राची वाट लावली," सरांनी पेठेत सांगितले.

शिफा मला घेऊन मैदानावर गेली. तिने तेच पान उघडून सगळ्यांपुढे धरले. कोणी वाकूनही पाहिले नाही.

"प्रेरणा, तू हुतीस की तिथं. तू तरी सांग."

प्रेरणा बुटाची नाडी बांधत राहिली.

त्यानंतर शिफाकडे भाषांतराचे काम घेऊन कोणी आले नाही. तिने स्पॅनिश सोडली. आता ती आईबरोबर ब्लाऊज शिवते. मशीनचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी आहे. माझ्या पानांना तेल लागले आहे.

मित्रांनो, पुस्तके जपा, असे सांगून मला थांबता आले असते. पण माझे काय, मी कागद आहे. एखादी मुलगी खरे बोलते आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच वेळी, सगळ्यांसमोर बोला.

परवा प्रेरणा खिडकीशी आली होती. हळूच म्हणाली, "शिफा, तुझंच बरोबर हुतं."

शिफाने उठून खिडकी लावून घेतली.